वाऱ्याच्या लाटा कशा मोजायच्या आणि मॉडेलमध्ये कशा आणायच्या: कोकण किनारा धरून

मोबाईलवर फोरकास्ट उघडलं, लाट दीड मीटर दिसली आणि होडी काढायची की नाही हे त्या एका आकड्यावर ठरवलं, असं खूप जण करतात, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही तेच चालतं, नुसती हाइट घ्यायची आणि ग्राफ काढून मोकळं व्हायचं. पण दीड मीटरची लाट पाच सेकंदांच्या पिरियडची (पिरियड म्हणजे एका माथ्यापासून पुढचा माथा येईपर्यंतचा वेळ) असेल तर ती जवळच्याच वाऱ्याने उठवलेली, आखूड, उभी, होडीला हादरे देणारी असते, आणि तीच पंधरा सेकंदांची असेल तर खोल पाण्यात होडीखालून कधी गेली ते कळणारही नाही, पण ती साधारण तिप्पट पॉवर घेऊन किनाऱ्याला येते आणि खडकावर जिथवर चढेल तिथवर पाणी येईल असं तुम्हाला वाटलेलंही नसतं. म्हणून पहिला नियम: हाइट, पिरियड आणि दिशा, तिन्ही एकत्र बघा. आणि मॉडेल, म्हणजे वाऱ्यावरून लाटांचा हिशोब करणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, चालवणार असाल तर लाटेच्याही आधी वारा तपासा, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथूनच आत येते.

हे सगळं कोकण किनाऱ्याचं उदाहरण घेऊन सांगतोय, कारण मोजणं आणि मॉडेलिंग दोन्ही शिकायला आपला किनारा फार चांगला आहे, वर्षभरात जवळजवळ सगळ्या प्रकारच्या लाटा इथे येऊन जातात.

आधी थोडा हिशोब

फोरकास्टमध्ये जी हाइट देतात ती सिग्निफिकंट वेव्ह हाइट असते, म्हणजे नोंदीतल्या सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावल्या तर वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातली, स्वेरड्रुप आणि मंक हे दोघं दोस्त सैन्याला किनाऱ्यावर उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधत होते त्या कामातली, आणि ती टिकली कारण मुरलेला खलाशी नुसत्या डोळ्यांनी जी उंची सांगतो ती साधारण हिच्याच जवळ येते. पण ही सरासरी आहे हे विसरू नका. फोरकास्टमध्ये २ मीटर आहे म्हणजे काही तासांत एखादी लाट साडेतीन-चार मीटरची येणारच, त्यात नवल काही नाही. दुपटीच्याही वर गेली तर तिला रोग वेव्ह म्हणतात, १ जानेवारी १९९५ ला नॉर्थ सीमधल्या ड्राउप्नर प्लॅटफॉर्मवर २५.६ मीटरची लाट नोंदली गेली तेव्हा सिग्निफिकंट हाइट १२ मीटरच्या आसपास होती.

खोल पाण्यात लाटेची लांबी म्हणजे १.५६ गुणिले पिरियडचा वर्ग. पाच सेकंदांची लाट ३९ मीटर लांब, पंधरा सेकंदांची ३५१ मीटर. लांबीच्या निम्म्याहून कमी पाणी झालं की लाटेला तळ जाणवायला लागतो, म्हणजे छोटी लाट वीस मीटर पाण्यापर्यंत बिनधास्त येते, पण मोठ्या स्वेलला, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून लांबून आलेल्या लाटेला, पावणेदोनशे मीटर खोलीपासूनच तळ लागतो आणि ती वळायला लागते. एनर्जीचा वेग मीटर पर सेकंदमध्ये ०.७८ गुणिले पिरियड, म्हणजे लाटेचा माथा ज्या वेगाने पळताना दिसतो त्याच्या निम्मा. अठरा सेकंदांची स्वेल धरली तर १४ मीटर पर सेकंद, ताशी ५० किलोमीटर, दिवसाला १,२०० किलोमीटर. दक्षिण हिंदी महासागरात सहा हजार किलोमीटरवर वादळ झालं तर त्याची स्वेल आपल्याकडे पाचव्या दिवशी पोचते. एप्रिल-मेमध्ये वारा नसताना केरळात अचानक समुद्राचं पाणी घरात शिरतं, ज्याला तिकडे कल्लक्कडल म्हणतात, ते याच स्वेलमुळे.

म्हणजे कोकणात लाटा येतात कुठून, तर जून ते सप्टेंबर नैऋत्येचा मान्सून, मुख्य लाटा त्याच्याच. डिसेंबर ते मार्च अरबस्तानाकडचा शमाल वारा सुटला की वायव्येकडून सहा-आठ सेकंदांची स्वेल. त्याच महिन्यांत दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने (समुद्राकडून जमिनीकडे येणाऱ्या) उठणाऱ्या तीन-पाच सेकंदांच्या बारीक लाटा. आणि या सगळ्यांच्या खालून, वर्षभर, दक्षिणेकडून येणारी लांब स्वेल. तुम्ही जे मोजता ते या सगळ्यांची बेरीज असते, त्यामुळे एका आकड्यात ती कोंबली की कुणाचं काय ते कळत नाही.

मशीन लावायच्या आधी वहीवर अंदाज काढायची सवय लावा. लाट किती वाढणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहिला, या शेवटच्याला फेच म्हणतात. १९६८-६९ मध्ये जर्मनीच्या झ्युल्ट बेटापासून समुद्रात एका ओळीत उपकरणं लावून जॉनस्वॅप नावाचा प्रयोग झाला, त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: उंची म्हणजे ०.००१६ गुणिले वाऱ्याचा वेग गुणिले (फेच भागिले ९.८१) याचं वर्गमूळ, वेग मीटर पर सेकंदमध्ये, फेच मीटरमध्ये. दुपारचा खारा वारा ६ मीटर पर सेकंद आणि फेच ५० किलोमीटर घ्या, उत्तर येतं साधारण ०.७ मीटर आणि पिरियड चार सेकंदांच्या आसपास. त्यासाठी वारा साडेसहा-सात तास वाहायला हवा, खारा वारा बहुतेक वेळा तेवढा टिकत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमीच मिळेल. हाच अंदाज पुढे मॉडेलच्या उत्तराशेजारी ठेवायचा, मॉडेल २ मीटर म्हणत असेल तर इनपुटमध्ये काहीतरी उलटंसुलटं झालंय हे दोन मिनिटांत कळतं.

मोजायचं कसं

सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे घड्याळ. धक्क्यावरून एखादा बांबू, बॉय (नांगरलेला तरंगता गोळा) किंवा नांगरलेली होडी नजरेत धरा, एक माथा गेला की घड्याळ सुरू करा आणि अकरावा माथा गेला की बंद, आलेल्या सेकंदांना दहाने भागा. असं पाच-सहा वेळा करा. उंचीसाठी जेट्टीच्या खांबावर रंगाने दर पंचवीस सेंटीमीटरला खुणा केल्या तर फोनवर वीस मिनिटांचा व्हिडिओ काढून घरी बसून वाचता येतं. फुटणारी लाट बघून उंची सांगू नका, उथळात येताना लाट उभी राहते, तिची उंची बाहेरच्यापेक्षा वेगळी असते. आणि पावसाळ्यात हे काम कठड्याच्या आतून करायचं, कातळावर उतरून नाही.

यापुढचं साधन प्रेशर सेन्सर, तळाशी बांधायचा, वर काहीच दिसत नाही त्यामुळे चोरी आणि जाळी दोन्हींपासून बऱ्यापैकी वाचतो. पण याच्या डेटावर फार जण सरळ विश्वास ठेवतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. लाटेचं प्रेशर खोलीबरोबर विरत जातं आणि आखूड लाटेचं फार पटकन विरतं. १० मीटर पाण्यात तळाला सेन्सर आहे असं धरा. दहा सेकंदांच्या लाटेचं ८० टक्के प्रेशर तळापर्यंत पोचतं. चार सेकंदांच्या लाटेचं १५ टक्के. तीन सेकंदांच्या लाटेचं जेमतेम २ टक्के. म्हणजे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याची लाट सेन्सरला जवळपास दिसतच नाही, आणि ती परत मिळवायला तुम्ही करेक्शन लावता तेव्हा तीन सेकंदांपाशी सिग्नलला चाळीसपटीहून जास्त वाढवता, त्याबरोबर सेन्सरचा नॉइजही तेवढाच वाढतो, आणि स्पेक्ट्रमच्या (कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या लाटांत किती एनर्जी आहे हे दाखवणाऱ्या ग्राफच्या) उजव्या टोकाला एक डोंगर उभा राहतो जो समुद्रात नाहीच. यावर उपाय म्हणजे करेक्शन एका फ्रिक्वेन्सीपर्यंतच लावायचं, जिथे वाढ दहापटीच्या पुढे जाते तिथे थांबायचं, आणि आखूड लाटा हव्याच असतील तर सेन्सर वर, चार-पाच मीटर पाण्याखाली एखाद्या खांबाला बांधायचा. हवेचा दाब वजा करायला विसरू नका, एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण एक सेंटीमीटर पाणी.

वेव्हरायडर बॉय हे खरं कामाचं साधन, डच कंपनी डेटावेलचा पिवळा गोळा तुम्ही फोटोत पाहिला असेल. त्याच्या आत अ‍ॅक्सिलरोमीटर असतात, वर-खाली होण्याचं अ‍ॅक्सिलरेशन दोनदा इंटिग्रेट केलं की पाण्याची उंची मिळते, आणि मूरिंगमध्ये रबरी दोर असतो म्हणजे गोळा लाटेबरोबर मोकळा हलतो. तो सेकंदाला १.२८ वेळा नोंद घेतो, दोनशे सेकंदांत २५६ नोंदी, असे आठ तुकडे घेऊन त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचे असे बॉय आपल्या किनाऱ्याला आहेत, रत्नागिरीजवळही आहे, आणि गोव्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेने या किनाऱ्याच्या लाटांवर वर्षानुवर्षं काम केलंय, खाऱ्या वाऱ्याच्या लाटांवरसुद्धा. स्वतःचा बॉय टाकणं विद्यार्थ्याच्या बजेटबाहेरचं आहे, तेव्हा डेटा मागून घ्या, रीतसर अर्ज करा.

सॅटेलाइटचा अल्टिमीटर वरून रडार पल्स सोडतो, समुद्र सपाट असेल तर परत येणारा सिग्नल झटकन चढतो, लाटा असतील तर माथ्यावरून आधी आणि खळग्यातून नंतर येतो म्हणून हळू चढतो, त्या उतारावरून हाइट. इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था सीएनईएस यांनी २०१३ मध्ये सोडलेला सरल हा सॅटेलाइट असाच होता. खुल्या अरबी समुद्रासाठी हा डेटा उत्तम, पण किनाऱ्याच्या दहा-वीस किलोमीटरच्या आत जमिनीचं प्रतिबिंब मिसळतं, आणि पिरियड, दिशा यातून सरळ मिळत नाही.

नोंदीतून स्पेक्ट्रम

पाण्याच्या उंचीची वीस ते तीस मिनिटांची नोंद घ्या, सेकंदाला दोन नोंदी पुरतात. आधी ग्राफ डोळ्यांनी बघा, मग सरासरी आणि ट्रेंड काढून टाका, नाहीतर भरती-ओहोटीचा चढ लो फ्रिक्वेन्सीत एनर्जी म्हणून दिसतो. पायथॉनमध्ये सायपाय लायब्ररीचं वेल्च फंक्शन आहे, ते नोंदीचे तुकडे करून त्यांच्या स्पेक्ट्रमची सरासरी काढतं, त्याला दोनशे-अडीचशे सेकंदांचे तुकडे द्या. स्पेक्ट्रमखालचं क्षेत्रफळ काढा, साधारण ०.०४ ते ०.५ हर्ट्झ, त्याचं वर्गमूळ गुणिले चार म्हणजे सिग्निफिकंट हाइट. पडताळा सोपा आहे, मूळ नोंदीचं स्टँडर्ड डेव्हिएशन गुणिले चार केलं तरी जवळपास तोच आकडा यायला हवा, नाही आला तर कोडमध्ये कुठेतरी स्केलिंग चुकलंय. एका वीस मिनिटांच्या नोंदीतून आलेली हाइट पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतेच, तेव्हा दशांशाच्या तिसऱ्या घरावर भांडू नका.

फेब्रुवारीतल्या एखाद्या दिवसाचे दोन स्पेक्ट्रम शेजारी ठेवा, सकाळी सातचा आणि दुपारी चारचा. सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, असतो, समुद्र काचेसारखा, स्पेक्ट्रममध्ये डावीकडे बारा-पंधरा सेकंदांपाशी एक बारीक शिखर, नैऋत्येकडून आलेलं. दुपारी ते शिखर तसंच, पण उजवीकडे चार सेकंदांपाशी दुसरं, रुंद, वायव्येकडून. पीक पिरियड, म्हणजे सगळ्यात उंच शिखराचा पिरियड, हा एकच आकडा प्लॉट केलात तर तो दिवसभर पंधरावरून चारवर आणि परत पंधरावर उड्या मारताना दिसेल, आणि बघणाऱ्याला वाटेल सेन्सर बिघडला. सेन्सर ठीक आहे, समुद्रच दोन आहेत. म्हणून स्पेक्ट्रमचे दोन भाग करून विंड-सी (जवळच्या वाऱ्याच्या आखूड लाटा) वेगळी आणि स्वेल वेगळी लिहा, मधल्या खळग्यापाशी कापलं तरी सुरुवातीला चालतं.

आता मॉडेल

वारा लाटेला एनर्जी कशी देतो याची थिअरी १९५७ मध्ये फिलिप्स आणि माइल्स या दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. आजची मॉडेल्स एकेक लाट मोजत नाहीत, प्रत्येक ठिकाणी स्पेक्ट्रम ठेवतात आणि त्यात वाऱ्याने किती भर पडली, माथे फुटून किती गेली आणि लाटांनी आपापसात किती देवाणघेवाण केली याचा हिशोब ठेवतात. तिसरी गोष्ट, म्हणजे लाटा-लाटांमधली देवाणघेवाण, नीट घेणाऱ्यांना थर्ड जनरेशन म्हणतात: वॅम, अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं वेव्हवॉच थ्री, आणि डेल्फ्टच्या युनिव्हर्सिटीचं स्वॅन. अख्ख्या महासागरासाठी पहिली दोन, किनाऱ्याजवळ स्वॅन. तिघंही फुकट मिळतात. शिकायला स्वॅन घ्या, कमांड फाइल वाचता येते आणि लॅपटॉपवर चालतं.

वारा आणि सीमेवरच्या, म्हणजे मॉडेलच्या क्षेत्राच्या कडेवरून आत येणाऱ्या, लाटा ईआरए-५ मधून घ्या, युरोपच्या हवामान केंद्राचा (ईसीएमडब्ल्यूएफ) डेटा, १९४० पासून दर तासाचा, वारा पाव डिग्रीवर आणि लाटा अर्ध्या डिग्रीवर. खोली जेब्को मधून, जगभरच्या समुद्राच्या खोलीचा डेटा. इथे तीन जागी लोक अडकतात. एक, ईआरए-५ चे अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे लावलेले असतात, स्वॅनला वाचण्याचा क्रम तुम्ही सांगावा लागतो, रीडइनप या कमांडमध्ये आयडीएलए १ म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून आणि ३ म्हणजे खालच्या डाव्या कोपऱ्यातून, हे चुकलं तर गुजरातचा वारा केरळात वाहतो आणि मॉडेल एकही एरर देत नाही. दोन, जेब्कोमध्ये समुद्र मायनस असतो आणि स्वॅनला खोली प्लसमध्ये हवी, फॅक्टर मायनस एक द्या. तीन, दिशा. वारा आणि लाट कुठून येते ते लिहायचं की कुठे जाते ते, हे प्रत्येक फाइलसाठी तपासा, आणि वेळ यूटीसीमध्ये असते, आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवा, नाहीतर खाऱ्या वाऱ्याची लाट मॉडेलमध्ये भल्या सकाळीच उठलेली दिसेल. रन लावायच्या आधी एका तासाचा वारा नकाशावर बाणांनी काढून बघा, जुलैचे बाण नैऋत्येकडून ईशान्येकडे जायला हवेत.

ग्रिड, म्हणजे मॉडेल ज्या चौकोनांवर हिशोब करतं ती जाळी, दोन-तीन पायऱ्यांत घ्या, अरबी समुद्र पाव डिग्रीवर, कोकणाचा पट्टा पाच किलोमीटरवर, आणि तुमची खाडी किंवा बंदर शंभर-दोनशे मीटरवर. मोठं ग्रिड विषुववृत्तापाशी बंद केलं आणि दक्षिण सीमेवर काही दिलं नाही तर दक्षिणेची सगळी स्वेल गायब होते, जुलैत ते लक्षातही येत नाही पण मार्चमध्ये मॉडेल अर्धा समुद्र दाखवतं. म्हणून त्या सीमेवर लाटा द्याच, आणि पहिले पाच दिवस रन मुरू द्या, ते उत्तर वापरू नका. स्पेक्ट्रमचे दिशांप्रमाणे भाग निदान ३६ घ्या, कमी घेतल्या की लांबून आलेली स्वेल एकसंध न येता वेगवेगळ्या ठिपक्यांत फुटलेली दिसते.

किनाऱ्याजवळ जेब्कोवर विसंबू नका, डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे चार्ट घ्या, आणि चार्टची खोली जवळपास सगळ्यात नीच सुकतीची असते, त्यात भरतीचं पाणी मिळवावं लागतं. हे का महत्त्वाचं, तर उथळात लाट साधारण खोलीच्या ०.७३ पटीपेक्षा मोठी राहू शकत नाही, फुटते. मुंबईत चार्टवर १ मीटर खोली आहे तिथे साडेचार मीटरच्या भरतीला साडेपाच मीटर पाणी असतं, म्हणजे चार मीटरची लाट भिंतीपर्यंत येऊ शकते, आणि ओहोटीला दीड मीटर पाणी मिळवलं तर अडीच मीटर, लाट पावणेदोनची. बाहेरचा समुद्र तोच. मरीन ड्राइव्हवर पाणी उडतं ते उधाणाच्या भरतीलाच, ते यामुळे.

तपासणी आणि ट्यूनिंग

बॉयच्या जागेवर मॉडेलचं उत्तर काढा, बायस (सरासरी फरक) आणि आरएमएस एरर (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा, पण हाइट जुळली म्हणून थांबू नका, पिरियड आणि दिशाही जुळवा आणि शक्य असेल तर स्पेक्ट्रमवर स्पेक्ट्रम ठेवा. विंड-सी जास्त आणि स्वेल कमी असली की बेरीज छान जुळते आणि दोन्ही चुकीच्या असतात.

जुळत नसेल तर पहिला हात व्हाइटकॅपिंगच्या कोएफिशंटला, म्हणजे माथे फुटून किती एनर्जी जाते ते ठरवणाऱ्या आकड्याला, लावू नका. वारा बघा. पूर्ण वाढलेल्या समुद्रात हाइट वाऱ्याच्या वर्गाप्रमाणे वाढते, १२ मीटर पर सेकंदला साधारण साडेतीन मीटर, आणि वारा फक्त दहा टक्के जास्त, १३.२ धरला तर सव्वाचारच्या पुढे. दहा टक्के चुकलेला वारा लपवायला फिजिक्स वाकवलं तर जुलै सुधारतो आणि बाकीचे महिने बिघडतात. म्हणून वारा आधी बॉयच्या किंवा सॅटेलाइटच्या वाऱ्याशी ताडून बघा, मग सीमा, मग खोली, आणि शेवटी फिजिक्स, तेही एका वेळी एकच बटण. जुलैचा एक आठवडा आणि फेब्रुवारीचा एक आठवडा, एकाच सेटिंगवर दोन्ही चालले पाहिजेत.

चक्रीवादळ मात्र वेगळं प्रकरण आहे. ३ जून २०२० चं निसर्ग किंवा मे २०२१ चं तौक्ते घेतलंत तर ईआरए-५ वादळाच्या केंद्राजवळचा वारा कमी दाखवतं, पाव डिग्रीच्या चौकटीत तेवढं बारीक केंद्र बसतच नाही. तिथे आयएमडीच्या, म्हणजे भारतीय हवामान खात्याच्या, बेस्ट ट्रॅकमधून (वादळाच्या मार्गाची पक्की केलेली नोंद) केंद्राची जागा, दाब आणि कमाल वारा घ्या, त्यावरून हॉलंड नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने केंद्राभोवती गोल फिरणारा वारा बनवा आणि केंद्रापासून दूर जाताना हळूहळू ईआरए-५ मध्ये मिसळा. आयएमडीचा कमाल वारा तीन मिनिटांच्या सरासरीचा असतो, मॉडेलला लांब सरासरीचा लागतो, तेव्हा तो थोडा खाली आणूनच द्या, आणि टाइम स्टेप दहा मिनिटांवर आणा, कारण वादळ तासाभरात ग्रिडचा एक चौकोन सहज ओलांडतं.